चिकटपट्टीचा जनक रिचर्ड ड्र्यू

अलीकडे कांहीं वर्षांपासून आमच्याकडील तरुणांत एक नवी हौस दिसूं लागली आहे. घरांतील जुन्या मोटारीचा रंग विटला, कीं ती रंगाऱ्याकडे न देतां बाजारांतून व्हिनाइल नांवाच्या पातळ रंगीत पापुद्र्याचें स्वस्तांतलें भेंडोळें आणावयाचें, आणि सुटीच्या दोन दिवसांत बापलेकांनीं मिळून तो पापुद्रा आपल्या हातांनीं गाडीवर चढवावयाचा. साऱ्या गाडीस नवा रंग देण्यापेक्षां हें काम पुष्कळ कमी खर्चांत होतें; शिवाय पुढेंमागें कंटाळा आला, तर पापुद्रा ओढून काढावा, खालचा मूळचा रंग जशाचा तसा हातीं येतो.

ह्या शेवटच्या वाक्याचें आज कोणास नवल वाटत नाहीं. पण आम्हांस विचाराल, तर सारें नवल तेथेंच आहे. चिकटविण्याचे पदार्थ मनुष्यास फार पूर्वींपासून ठाऊक आहेत. खळ आहे, डिंक आहे, सरस आहे. परंतु मोटारीच्या रंगावर घट्ट चिकटून बसावें, आणि निघावयाची वेळ आली म्हणजे त्या रंगाचा कणहि बरोबर न नेतां निघावें, असे दोन परस्परविरुद्ध गुण अंगीं असलेली पट्टी १९२५ सालापर्यंत कोणाच्या हातीं नव्हती. ती ज्यानें करून दाखविली तो कोणी नांवाजलेला रसायनशास्त्रज्ञ नव्हता. तो कॉलेजचें शिक्षण अर्धवट टाकलेला आणि नाचाच्या मेळ्यांत बँजो वाजविणारा एक तरुण होता. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

रिचर्ड ड्र्यू ह्याचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिनेसोटा संस्थानांत, मिसिसिपी नदीच्या कांठीं वसलेल्या सेंट पॉल शहरीं, ता. २२ जून १८९९ रोजीं झाला. यंत्रशास्त्र शिकावें असें त्याच्या मनांत होतें. मात्र फीचे पैसे त्याचे त्यालाच मिळवावे लागत. म्हणून रात्रीं वाद्यवृंदांत बँजो वाजवावा आणि त्या मिळकतीवर दिवसा मिनेसोटा विद्यापीठांत शिकावें, असा क्रम त्यानें आरंभिला. तो फार दिवस चालला नाहीं. पदवी मिळण्यापूर्वींच त्यानें विद्यापीठ सोडलें. पण विद्यापीठ सुटलें म्हणून अभ्यास सोडला असें मात्र झालें नाहीं. यंत्ररचनेचा अभ्यासक्रम टपालानें मागवून त्यानें तो घरीं केला. मॅट्रिकनंतर मुलाचें पाऊल जरा वांकडें पडलें कीं त्याच्या नांवानें हात झटकून मोकळे होणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं ही एवढी ओळ दोनदां वाचावी.

१९२१ सालीं सेंट पॉल येथील एका कंपनींत त्यास प्रयोगशाळेंतील साहाय्यकाची लहानशी जागा मिळाली. ही कंपनी आज थ्री एम् ह्या नांवानें जगभर प्रसिद्ध आहे. त्या काळीं मात्र तिला फारसें कोणी ओळखत नसे. तिचा जन्मच एका फसगतींतून झाला होता. धार लावण्यास व घांसण्यास उपयोगी पडणारें कुरुंद नांवाचें खनिज आपल्या डोंगरांत आहे अशा समजुतीनें पांच गृहस्थांनीं १९०२ सालीं ती काढली, आणि पुढें उघडकीस आलें कीं तें कुरुंद नसून त्या कामीं निरुपयोगी असा दुसराच दगड आहे. तेव्हां बाहेरून खनिज आणून कंपनी कांचकागद करूं लागली. ड्र्यू आला त्याच सुमारास तिनें पाण्यांत भिजवून वापरण्याचा कांचकागद काढला होता. आमच्याकडील मोटारीचे रंगारी ज्यास वॉटर पेपर म्हणतात तोच हा. कोरड्या कागदानें रंग घांसला म्हणजे उडणारी धूळ कारागिराच्या छातींत जाई. पाण्यानें ती बसूं लागली. ह्या कागदाचे नमुने शहरांतील मोटारींच्या कारखान्यांत नेऊन द्यावयाचे, आणि कारागीर काय म्हणतात तें ऐकून यावयाचें, हें काम ड्र्यूकडे होतें.

त्या दिवसांत अमेरिकेंत दुरंगी मोटारींची टूम निघाली होती. खालचा भाग एका रंगाचा, वरचा दुसऱ्या, आणि मधली रेघ सुरीनें कापल्यासारखी सरळ. पाहणारास हें फार सुंदर दिसे. करणाराच्या जिवावर येई. आधीं एक रंग द्यावयाचा, तो वाळला म्हणजे त्याच्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्राचे कागद सरसानें किंवा डॉक्टरांच्या जखमेवरील पट्टीनें चिकटवून तो झांकावयाचा, आणि उघड्या भागावर दुसऱ्या रंगाचा फवारा मारावयाचा. इतकें होईपर्यंत सर्व ठीक. पण झांकण काढूं लागलें, कीं पट्टीबरोबर खालच्या नव्या रंगाचे पोपडे निघून येत. मग पुन्हां घांसा, पुन्हां लांबी भरा, पुन्हां रंग द्या. दोन दिवसांची मजुरी पाण्यांत जाई.

एके दिवशीं ड्र्यू आपले कागद घेऊन अशा एका कारखान्यांत गेला, तों एक कारागीर नुकताच बिघडलेल्या कामापुढें उभा राहून तोंडास येईल तें बोलत होता. ड्र्यूचा त्या दुःखाशीं कांहींएक संबंध नव्हता. त्याची कंपनी कागद विके, पट्ट्या विकत नसे. कागद द्यावा, मत लिहून घ्यावें आणि परतावें, एवढीच त्याची कामगिरी. पण त्यानें त्या मनुष्याचें रडगाणें सगळें ऐकून घेतलें, आणि रंग न उचलणारी पट्टी मी तुम्हांस करून देतों, असें वचन देऊन बसला. ती कशी करावयाची ह्याची त्यास यत्किंचितहि कल्पना नव्हती.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबून हें कोडें नीट ध्यानांत घ्यावें. पुढील सर्व गोष्टी त्याच्यावरच अवलंबून आहेत. पट्टी चिकटविली म्हणजे तेथें एक नव्हे, तर चार पकडी काम करीत असतात. चिकणद्रव्याची कागदावरील पकड पहिली. चिकणद्रव्याच्या कणांची एकमेकांवरील पकड दुसरी. चिकणद्रव्याची मोटारीच्या रंगावरील पकड तिसरी. आणि खुद्द रंगाची पत्र्यावरील पकड चौथी. पट्टी ओढली म्हणजे ह्यांपैकीं जी सर्वांत दुबळी ती तुटते. पहिली तुटली तर नुसता कागद हातांत येतो. दुसरी तुटली तर गाडीवर चिकट राड उरते. चौथी तुटली तर रंगाचे पोपडे निघतात, आणि कारागीर शिव्या देतो. म्हणून तिसरी सर्वांत दुबळी हवी. पण इतकी दुबळीहि नको कीं फवाऱ्याच्या जोरानें पट्टी सुटावी आणि रंग आंत झिरपावा. शिवाय हें सर्व पाण्यावांचून, उष्णतेवांचून, नुसत्या बोटाच्या दाबानें साधलें पाहिजे.

ड्र्यूनें प्रयोगांस सुरुवात केली. निरनिराळीं वनस्पतिजन्य तेलें, जवसाचें तेल, राळेचे प्रकार, ग्लिसरीन, जें जें हातीं लागलें तें तें त्यानें कालवून, शिजवून आणि कागदावर फांसून पाहिलें. महिन्यांमागून महिने गेले. वॉटर पेपरचें नेमलेलें काम मागें पडूं लागलें. तेव्हां कंपनीचा कारभार पाहणारा विल्यम मॅकनाइट ह्यानें त्यास सांगितलें कीं हा नाद पुरे झाला, आपल्या कामास लाग. हा मॅकनाइट स्वतः १९०७ सालीं साहाय्यक हिशेबनीस म्हणून कंपनींत शिरून वर चढलेला, काटकसरी आणि करड्या शिस्तीचा गृहस्थ होता. ड्र्यूनें आज्ञा ऐकली. म्हणतात कीं तो एक दिवस वॉटर पेपरच्या कामास लागला, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां पट्टीपाशीं येऊन बसला. मॅकनाइटनें तें पाहिलें. आणि कांहीं न बोलतां तो निघून गेला.

हा प्रसंग शाळेच्या वार्षिकांत लिहितांना आमची लेखणी थोडी अडखळते, हें उघड आहे. आज्ञापालनावांचून शाळा चालत नाहीं. ज्या वर्गांत साठ मुलें बसतात तेथें तर नाहींच नाहीं. तरीहि आमचें मत ड्र्यूच्या बाजूचें आहे. त्यानें आळसासाठीं आज्ञा मोडली नाहीं, लाभासाठीं नाहीं. त्यानें एका मजुरास शब्द दिला होता. नोकरी गेली असती तर त्याची एकट्याची गेली असती, आणि हा धोका त्यानें डोळसपणें पत्करला. पण त्याची म्हणून जी दुसरी एक गोष्ट सांगतात, ती आम्हांस तितकीशी पसंत नाहीं. पट्टीचा कागद सुधारण्यासाठीं त्यास एक यंत्र हवें होतें, आणि त्यास पैसे देण्याचें नाकारण्यांत आलें होतें. वरिष्ठांस न विचारतां १०० डॉलरपर्यंतची खरेदी करण्याचा त्यास अधिकार होता. तेव्हां त्यानें ९९ डॉलरच्या मागण्यांमागून मागण्या काढून तें यंत्र तुकड्यातुकड्यांनीं उभें केलें! यंत्र नीट चालूं लागल्यावर त्यानें तें स्वतःच मॅकनाइटला दाखविलें, एवढें त्याच्या प्रामाणिकपणाच्या बाजूनें म्हणतां येईल. मॅकनाइटची थोरवी ह्यांत अधिक दिसते. ह्याच कंपनींत पुढें अशी प्रथा पडली कीं, संशोधकानें आपल्या वेळांतील शेंकडा १५ भाग स्वतःस सुचलेल्या कल्पनेवर खर्च करावा, त्याबद्दल त्यास कोणी टोकूं नये.

१९२५ सालीं पट्टी तयार झाली. सुताराचा सरस, त्यांत तो मऊ राहावा म्हणून ग्लिसरीन, आणि पाठीस चुण्या पाडलेला क्रेप कागद. ह्या चुण्यांतच अर्धें यश होतें. साधा कागद वांकणावर फाटतो किंवा उचलतो; चुण्यांचा कागद ताणतो, वळतो आणि मोटारीच्या गोलाईवर निमूट बसतो. हीच ती मास्किंग टेप. तिच्या पहिल्या नमुन्यांविषयीं एक गमतीची कथा प्रचलित आहे. दोन इंच रुंद पट्टीच्या फक्त दोन्ही कडांसच चिकणद्रव्य लावलें होतें, म्हणून ती भर कामांत गळून पडली. तेव्हां एका चिडलेल्या रंगाऱ्यानें ड्र्यूस सुनावलें कीं ही पट्टी तुझ्या स्कॉच मालकांकडे परत ने, आणि जरा हात सैल सोडून चिकण लावावयास सांग. स्कॉच म्हणजे कंजूष, असा त्या टोमण्याचा अर्थ. स्कॉटलंडच्या लोकांवर हा अन्याय आहे, हें त्या लोकांचा सहवास घडलेल्या कोणासहि सांगावयास नको. पण टोमणा चिकटला. आणि स्कॉच हेंच पट्टीचें व्यापारी नांव झालें.

आतां आरंभीं सांगितलेल्या व्हिनाइलकडे वळूं. हा पदार्थ मऊ कसा करावा हें अमेरिकेंतीलच वॉल्डो सेमन ह्या रसायनज्ञानें १९२६ सालीं शोधून काढलें. आणि मौज ही कीं तोहि त्या वेळीं रबर धातूस चिकटविणारें द्रव्य शोधीत होता. आजच्या पापुद्र्यामागें सरस व ग्लिसरीन नसून अ‍ॅक्रिलिक जातीचें चिकणद्रव्य असतें. कोडें मात्र ड्र्यूचेंच. म्हणूनच घरीं हें काम करणारानें त्या चार पकडी विसरूं नयेत. मूळच्या कारखान्याच्या रंगाची पत्र्यावरील पकड पक्की असते; पण मागें कोठें ठोकून, लांबी भरून पुन्हां रंगविलेला किंवा गंजलेला भाग असेल, तर पुढें पापुद्रा काढतांना रंग निघण्याचा पुरा संभव असतो. गाडी साबणानें धुवावी, मेण व तेलाचा अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्यानें पुसून घ्यावा. कारण मेणावर बसलेली पकड ही मेणाची पकड, रंगाची नव्हे. काम सांवलींत, वारा व धूळ नसेल तेथें करावें. दोघांनीं पापुद्रा दोन्हीं बाजूंनीं धरावा, तो ताणूं नये, आणि कडेस मऊ फेल्ट लावलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीनें मधून कडेकडे दाबीत न्यावा. हवेचा फुगा राहिला तर तेवढा भाग उचलून पुन्हां बसवावा. वांकणावर हीट गनची ऊब द्यावी. आणि शेवटीं सर्व कडांवर पुन्हां एकदां ऊब देऊन दाबावें.

स्वस्त पापुद्र्याची मर्यादाहि ओळखली पाहिजे. तो तापलेल्या रुळांमध्यें दाबून, ओढून काढलेला असतो, म्हणून मागें आखडण्याची खोड त्याच्या अंगांत राहते. महाग पापुद्रा पातळ द्रव ओतून व वाळवून केलेला असतो, त्यास ही खोड नसते. तेव्हां स्वस्त पापुद्रा टप, बॉनेट व दारें अशा सपाट भागांवर शोभतो. बंपर आणि आरशाच्या खोल वळणांवर तो ताणून बसविला, तर थोड्याच दिवसांत कडा सुटूं लागतात. आमच्याकडील उन्हांत टपावरील व बॉनेटवरील पापुद्रा सर्वांत आधीं म्हातारा होतो. तो ठिसूळ होऊन तुकड्यातुकड्यांनीं निघूं लागण्यापूर्वींच, ऊब देऊन, सावकाश, पृष्ठभागाशीं लगटून ओढून काढावा. गाडीवर सुरीनें कापणें हा तर मोठाच अविचार. तिचा ओरखडा खालच्या रंगास कायमचा राहतो. त्यासाठीं एक निराळी पट्टी मिळते. ती आधीं गाडीवर चिकटवावयाची, वर पापुद्रा बसवावयाचा, मग तिच्यांतील दोरा ओढावयाचा, कीं पापुद्रा सरळ रेघेंत कापला जातो. दोन रंगांमधली सरळ रेघ आजहि चिकटपट्टीच आंखते!

ड्र्यूची जी पट्टी घरोघर गेली ती मात्र ही नव्हे. १९२९ सालीं सेंट पॉलमधील एका कारखानदारास आपला माल ओलाव्यापासून राखण्यासाठीं पाणी न शिरणारी पट्टी हवी होती. त्याच सुमारास जॅक ब्रँडेनबर्गर ह्या स्विस रसायनज्ञानें शोधलेला सेलोफेन हा पारदर्शक कागद व्यापारांत आला होता. ह्या कागदास पाठीशीं घेऊन पट्टी कां करूं नये, असें ड्र्यूच्या मनांत आलें. सेलोफेन उष्णतेजवळ गुंडाळला जाई, यंत्रावर फाटे, आणि त्यावर चिकणद्रव्य सारखें पसरत नसे. शेवटीं आधीं एक अस्तर द्यावयाचें व त्यावर चिकणद्रव्य, अशी तोड निघाली. जुनें चिकणद्रव्य पिवळट असल्यामुळें रबर, राळ व तेल ह्यांचें नवें निर्मळ मिश्रण सिद्ध करावें लागलें. १९३० सालीं ही पारदर्शक पट्टी विक्रीस आली.

वेळ याहून वाईट असूं शकत नव्हती. १९२९ च्या अखेरीस अमेरिकेचा बाजार कोसळला होता, आणि लक्षावधि लोक बेकार होत होते. पण नवीन घेण्याची ऐपत गेली म्हणजे जुनें दुरुस्त करण्याची अक्कल येते. फाटलेलीं पुस्तकें, फाटक्या नोटा, मोडकीं खेळणीं, ह्या साऱ्यांवर लोक ही पट्टी लावूं लागले. शेतकऱ्यांनीं तर टर्की पक्ष्यांच्या तडकलेल्या अंड्यांसहि ती लावली. पट्टीचें टोंक सांपडत नाहीं ही घरोघरची तक्रार कंपनीच्या विक्रीखात्यांतील जॉन बोर्डेन ह्यानें १९३२ सालीं दातेरी पात्याची डबी करून दूर केली. आपण जिला सेलोटेप म्हणतों तें नांव मात्र इंग्लंडांत १९३७ सालीं निघालेल्या निराळ्याच पट्टीचें आहे.

१९४३ सालीं ड्र्यूच्या हातीं कंपनीची एक स्वतंत्र प्रयोगशाळा देण्यांत आली. इतर खात्यांत ज्यांचें पटत नसे अशीं डोकेबाज माणसें तो शोधून आपल्याकडे आणी, असें त्याच्या सहकाऱ्यांचें सांगणें आहे. आपणहि एकदां तसेच होतों हें तो विसरला नसावा. जखमेवर लावण्याची, कातडीस श्वास घेऊं देणारी पट्टी ह्याच प्रयोगशाळेंतून निघाली. त्याच्या नांवावर ३० अमेरिकन पेटंटें जमा झालीं. १९६२ सालीं तो सेवानिवृत्त झाला, आणि ता. १४ डिसेंबर १९८० रोजीं कॅलिफोर्नियांतील सँटा बार्बरा येथें ८१ व्या वर्षीं निवर्तला. २००७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक-मंदिरांत त्याचें नांव घालण्यांत आलें.

२००४ सालीं मँचेस्टर येथें आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं शिसपेन्सिलींत असतें त्या ग्रॅफाइटच्या ढेंकळावर साधी चिकटपट्टी लावून ती ओढली, पुन्हां लावली, पुन्हां ओढली, आणि शेवटीं एकाच अणूच्या जाडीचा थर अलग केला. ह्या ग्रॅफीनबद्दल त्यांस २०१० सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं स्टॉकहोमच्या नोबेल संग्रहालयास ज्या वस्तु भेट दिल्या त्यांत ग्रॅफाइटचें एक ढेंकूळ आहे, आणि त्याच्यासोबत चिकटपट्टीची एक डबी आहे.